पॅनल, चावी आणि वीजबिल : एका जिल्हा परिषद हायस्कूलचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे हायस्कूल पश्चिम विदर्भातल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातलं, जिल्हा परिषदेचं. पाचवी ते दहावीचे वर्ग, पट दीडशेच्या आसपास. गावाचं, शाळेचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. मी तेव्हा तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विषय साधनव्यक्ती होतो. या शाळेच्या बैठकांना बसायचो, वर्गांत मागच्या बाकावर बसायचो. जे लिहितो आहे ते तिथून पाहिलेलं आहे.

पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने संस्थांच्या अनुदानित शाळांनी वाढवलं. विदर्भ-मराठवाड्यात मात्र जिल्हा परिषदेची हायस्कुलं आजही आहेत, आणि त्यांच्याकडे कोण येतं हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. ज्यांची ऐपत आहे त्यांची मुलं पिवळ्या व्हॅनमधून तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जातात. उरलेली इथे येतात : शेतमजुरांची, कोरडवाहू शेतकऱ्यांची, जवळच्या बंजारा तांड्यावरची, कोलाम आदिवासींच्या पोडावरची (वस्तीवरची). मुली मानव विकास योजनेच्या निळ्या बसने येतात. ती बस आहे म्हणून आसपासच्या खेड्यांतल्या मुली आठवीनंतरही शाळेत टिकल्या आहेत.

तंत्रज्ञान या शाळेत तीन लाटांत आलं. पहिल्यांदा केंद्राच्या आयसीटी योजनेतून संगणक आले. करार संपला, संगणक शिक्षक गेला, संगणक एका खोलीत राहिले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावी लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभ्या राहिल्या. या गावानेही वर्गणी केली आणि ४३ इंची एलईडी टीव्ही घेतला. शेवटी कोरोनानंतर एका कंपनीच्या सामाजिक निधीतून मोठं इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे बोटाने चालणारा मोठा पडदा, आलं. उद्घाटनाला मांडव पडला होता.

मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा पॅनल मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर होतं, त्यावर चादर होती आणि खोलीला कुलूप. टीव्ही कपाटावर आडवा ठेवलेला. यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदीतल्या माहितीत डिजिटल वर्गाच्या रकान्यात ‘आहे’ अशी नोंद. नोंद खोटी नव्हती. वस्तू खरोखर होत्या.

अडचण नेमकी कुठे होती

बाहेरून पाहणारा पटकन म्हणेल की शिक्षकांना वापरता येत नाही, प्रशिक्षण द्या. तालुका पातळीवरच्या बैठकीत हेच वाक्य बोललं जायचं. मला ते पहिल्यापासून पटलं नाही, कारण त्याच शिक्षकांच्या मोबाइलवर सगळे ऑनलाइन अहवाल वेळेत भरले जात होते. अडचण चार ठिकाणी होती आणि चारही एकमेकांत अडकल्या होत्या.

पहिली वीज. बिल थकलं होतं आणि जोडणी तोडलेली होती. हायस्कूलसाठी समग्र शिक्षाचं एकत्रित शाळा अनुदान येतं. १०१ ते २५० पटाला वर्षाला ५० हजार रुपये. त्यातूनच खडू, दुरुस्ती, प्रयोगशाळेचं साहित्य, पाणी, वीज आणि किमान १० टक्के स्वच्छतेसाठी. ते हाती येईपर्यंत बहुतेकदा शैक्षणिक वर्ष संपत आलेलं असायचं. शिवाय शाळा गावठाणाबाहेर रस्त्याला लागून, त्यामुळे जोडणी शेतीच्या डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) घेतलेली. शेतीच्या फीडरला पाळीने वीज मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बिल भरलेलं असूनही शाळेच्या वेळात लाईन नसायची. हिवाळ्यात गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज इतकं पडायचं की ट्यूबही फडफडायची.

दुसरी चावी. पॅनल जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, मुख्याध्यापकांच्या नावावर चढलेलं. चोरी झाली, काच फुटली, तर उत्तर त्यांनी द्यायचं. त्यात मुख्याध्यापकाचं पद रिक्त आणि एका सहायक शिक्षिकेकडे प्रभार. शिपायाचं पदही रिक्त. अशा स्थितीत मॅडमनी खोलीला कुलूप लावलं, यात मला दोष दिसत नाही. वापराची शाबासकी कुणाला मिळत नाही आणि नुकसानीची वसुली मात्र एका माणसावर येते, तिथे शहाणा माणूस कुलूपच लावतो.

तिसरी, विज्ञानाचं पद दोन वर्षांपासून रिक्त. भाषेच्या मॅडम विज्ञान शिकवत होत्या, म्हणजे वाचून दाखवत होत्या. तेही मनापासून.

चौथी सगळ्यात खोल होती आणि सगळ्यात उशिरा दिसली. गणिताच्या सरांनी नववीला एक साधी चाचणी दिली : तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, अपूर्णांकांची तुलना, ऋण संख्यांची बेरीज. निम्म्याहून जास्त मुलं भागाकारातच अडली. हा या एका शाळेचा दोष नव्हे. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या अहवालात देशातल्या २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयोगटातल्या ग्रामीण मुलांपैकी ४३.३ टक्के मुलांनाच असा भागाकार बरोबर करता आला होता. पण परिणाम थेट होता. पॅनलमध्ये भरून आलेले सगळे व्हिडिओ नववीच्या अभ्यासक्रमाचे होते, आणि ज्यांना ते दाखवायचे ती मुलं पाचवीच्या गणितावर थांबलेली होती. जोडणी तुटण्याआधी ते काही दिवस दाखवले गेले होते. एका मुलाने मला त्याबद्दल सांगितलं, “सर, थो माणूस लय जोरात बोलते. आमाले समजेपर्यंत थो पुढं निघून जाते.”

समोरचे पर्याय

गावचाच एक मुलगा पुण्यात नोकरीला होता. त्याला शाळेसाठी काहीतरी करायचं होतं आणि त्याने टॅबलेट द्यायची तयारी दाखवली. प्रत्येक नववी-दहावीच्या मुलाला एक. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सुरुवातीला सगळ्यांचे चेहरे खुलले. मग प्रश्न निघाले. चार्ज कुठे करायचे? घरी नेऊ द्यायचे का? दुरुस्ती कोण करणार? कोरोनाच्या काळात याच गावाने पाहिलं होतं की घरात एकच मोबाइल असतो, तो बापाबरोबर वावरात जातो, आणि रिचार्ज संपलं की महिनाभर शाळा बंद. समितीचे अध्यक्ष, स्वतः पाच एकरांचे शेतकरी, थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “टॅब देणारे, टीव्ही देणारे लय भेटतात सर. लायनीचं बिल भरणारा एक सांगा.”

त्या वाक्याने बैठकीची दिशा बदलली. देणगीदाराला वस्तूवर नाव टाकता येतं, बिलावर टाकता येत नाही. म्हणून शाळांकडे वस्तू येत राहतात आणि त्या चालवायला लागणारा पैसा येत नाही.

दुसरा पर्याय होता पॅनल नववीच्या वर्गात हलवायचा. तो विजेच्या हिशेबावर पडला. पॅनलला लागणारी वीज साध्या टीव्हीच्या कितीतरी पट होती, बॅटरीवर ते फार वेळ चाललं नसतं आणि पडत्या व्होल्टेजला ते खराब होण्याची भीती होती.

तिसरा पर्याय माझ्या मते सगळ्यात वजनदार होता : यंत्रांचा विचारच सोडा, मिळेल तो पैसा विज्ञानाच्या तासिका शिक्षकाच्या मानधनावर खर्च करा. गावात बी.एस्सी. झालेली एक सून घरी होती. पडदा कितीही मोठा असला तरी “मॅडम, हे पुन्हा सांगा” असं त्याला म्हणता येत नाही. याविरुद्ध मुद्दा एवढाच होता की मानधन दरवर्षी लागणार आणि देणगीदार एकदाच देणार.

चौथा पर्याय गणिताच्या सरांनी मांडला. कपाटावरचा जुना टीव्ही खाली काढायचा, त्याला इन्व्हर्टर आणि एक लॅपटॉप जोडायचा, इंटरनेटवर अवलंबून न राहता सगळं पेनड्राइव्हवर ठेवायचं, आणि ते फक्त नववीच्या मागे पडलेल्या गणितासाठी आणि विज्ञानाच्या ठरावीक धड्यांसाठी वापरायचं.

हे कधी करायचं, यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. मी त्यांना गुजरातमधल्या ‘ज्ञानशाळा’ या संस्थेच्या शाळांत झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. तिथे संगणकावरचा सराव नेहमीच्या तासाच्या जागी ठेवला तेव्हा मुलांचं शिकणं घटलं, आणि शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून ठेवला तेव्हा वाढलं. तिथली मुलं प्राथमिकची होती, त्यामुळे ते निष्कर्ष हायस्कूलला जसेच्या तसे लागू होतात असं मी म्हणालो नाही. पण चांगल्या शिक्षकाचा तास काढून तिथे पडदा बसवणं धोक्याचं आहे, एवढं त्यातून नक्की घेण्यासारखं होतं. म्हणजे वेळ शाळेबाहेरचा हवा. संध्याकाळी? पाचला निळी बस सुटते. ती चुकली तर मुलगी सात किलोमीटर चालणार, आणि दुसऱ्या दिवसापासून घरचे तिला पाठवणार नाहीत. संध्याकाळचा वर्ग म्हणजे गावातल्या मुलांचा वर्ग झाला असता. हा मुद्दा प्रभारी मुख्याध्यापिकांनी काढला, आणि त्यांनी काढला नसता तर बैठकीतल्या पुरुषांपैकी कुणाला तो सुचला असता असं मला वाटत नाही.

उत्तरही त्याच बसमध्ये होतं. बस सकाळी पावणेदहाला येत होती आणि शाळा साडेदहाला भरत होती. तो पाऊण तास मुली व्हरांड्यात बसून असायच्या.

काय ठरलं आणि कसं केलं

समितीने चौथा पर्याय घेतला आणि तिसऱ्यातला अर्धा त्याला जोडला. देणगीदाराशी अध्यक्ष स्वतः फोनवर बोलले. टॅबलेटऐवजी एक लॅपटॉप, इन्व्हर्टर-बॅटरी, आणि उरलेल्या पैशात त्या बी.एस्सी. झालेल्या ताईंचं एका वर्षाचं मानधन. तो आधी थोडा हिरमुसला, कारण तीस मुलांच्या हातात तीस टॅब असा फोटो त्याच्या डोळ्यांसमोर होता. पण अध्यक्षांनी त्याला शाळेच्या थकीत बिलाचा फोटो पाठवला आणि तो तयार झाला.

प्रभारी मुख्याध्यापिका मॅडमनी एक क्रम लावला आणि तो कुणालाही मोडू दिला नाही : आधी लाईन, मग चावी, मग वेळ, आणि त्यानंतर पडद्यावर काय ते.

थकीत बिल तीन ठिकाणच्या पैशांतून भरलं गेलं. काही भाग शाळा अनुदानातून, काही लोकवर्गणीतून, आणि उरलेला ग्रामपंचायतीने ग्रामनिधीतून. पुढच्या बिलांसाठी ग्रामसभेत ठराव घेतला. नुसत्या आश्वासनावर थांबले नाहीत हे महत्त्वाचं, कारण सरपंच बदलतात आणि ठराव कार्यवृत्तात राहतो. गावठाणाच्या डीपीवर जोडणी हलवण्याचा अर्ज वीज कार्यालयात दिला. त्याला दोन खांब लागणार होते आणि तो बराच काळ प्रलंबित राहिला. पण इन्व्हर्टरने वाट काढली. रात्रीच्या पाळीत लाईन आली की बंद शाळेत बॅटरी आपोआप भरायची आणि सकाळी वापरायला तयार असायची. हिशेब साधा होता. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर म्हणजे कागदावर १,८०० वॅट-अवर. बॅटरी टिकावी म्हणून त्यातली निम्मी धरली तरी शंभरेक वॅटचा टीव्ही आणि लॅपटॉप मिळून सकाळचा तास आणि दिवसातल्या दोन-तीन तासिका सहज निघत. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम दहावीच्या दोन मुलांकडे दिलं आणि त्याची तारीख भिंतीवर लिहायची पद्धत पाडली.

चावीचा प्रश्न पोषण आहार शिजवणाऱ्या काकूंनी सोडवला. त्या साडेनऊला येऊन चूल पेटवायच्या आणि त्यांची मुलगी नववीत होती. त्या म्हणाल्या, “चावी ठेवतो मी. पन उद्या काई गेलं त माह्यावर येऊ नये.” त्यांच्या तुटपुंज्या मानधनाकडे पाहता ही अट अगदी रास्त होती. म्हणून समितीने लेखी ठराव केला की त्या खोलीतल्या वस्तूंची देखभाल ही समितीची सामूहिक जबाबदारी आहे, वापरताना झालेली मोडतोड कुणा एकाकडून वसूल करायची मागणी समिती करणार नाही, आणि दुरुस्ती लोकवर्गणीतून होईल. कायद्याने जडसंग्रहाची जबाबदारी मुख्याध्यापकांचीच राहते, ती ठरावाने पुसत नाही. पण गाव आपल्या पाठीशी आहे हे कागदावर आल्यावर मॅडमनी कुलूप काढलं. माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रकरणातला निर्णायक क्षण हाच.

सकाळच्या वेळेला शिक्षक नसायचे, कारण बहुतेक जण तालुक्याहून अपडाऊन करणारे. फक्त गणिताचे सर गावाजवळ राहत. ते आठवड्यातून तीन दिवस लवकर येऊ लागले. बाकीचे दिवस विज्ञानाच्या ताईंनी घेतले.

पडद्यावर काय दाखवायचं, याची यादी छोटी ठेवली. कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा प्रकल्प २००२ पासून विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स मोफत देतो. त्यातली पुष्कळ मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. संख्यारेषा, अपूर्णांक, विद्युत परिपथ अशी निवडक घेतली. ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचे काही व्हिडिओही उतरवून ठेवले, पण सरांनी त्यांचा आवाज बंद केला. चित्र चालू, बोलणार सर, आणि मध्ये थांबवून प्रश्न. मुलांनी आधी वहीत उत्तर लिहायचं, मग पडद्यावर करून बघायचं. नववीच्या धाराविद्युतच्या धड्याला ताईंनी पडद्यावर परिपथ जोडला, रोध वाढवला की बल्ब मंद होतो हे दाखवलं, आणि लगेच टॉर्चचे सेल, वायर आणि छोटा बल्ब मुलांच्या हातात दिला. तांड्यावरची एक मुलगी, जी वर्गात कधी बोलत नसे, तिने दुसरा सेल उलटा जोडून पाहिला आणि बल्ब का लागत नाही हे आपल्या मैत्रिणीला गोरमाटीत (बंजारा बोलीत) समजावून सांगितलं. ते मला शब्दशः कळलं नाही, पण तिची बोटं बरोबर जागी जात होती.

काय झालं

वर्षाअखेरीला सरांनी तीच चाचणी पुन्हा घेतली. सकाळच्या वर्गाला नियमित येणाऱ्यांपैकी बहुतेकांना भागाकार जमू लागला होता. अपूर्णांकात सुधारणा होती, पण कमी. ऋण संख्यांमध्ये फारसा फरक नव्हता. ही सुधारणा टीव्हीमुळे, जादा वेळेमुळे की सर मुलांच्या पातळीवर उतरले म्हणून, हे या एका शाळेवरून वेगळं काढता येणार नाही. माझा कौल शेवटच्या दोन्हींना आहे. टीव्हीने दिलं ते एवढं की मुलांना लवकर यावंसं वाटलं आणि विज्ञान वाचून दाखवण्यापुरतं उरलं नाही.

नियमित न येणारी मुलं कोण होती, हे मात्र जिव्हारी लागणारं आहे. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि मग थेट जानेवारीपर्यंत कापसाचा वेचा. वेच्याची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे घरातले जितके हात जास्त तितका पैसा. आठवी-नववीच्या मुली आईबरोबर पहाटे वावरात जातात. वर्गाचा हजेरीपट त्या महिन्यांत निम्म्यावर यायचा आणि ज्यांना जादा तासाची सगळ्यात जास्त गरज होती त्याच नसायच्या. यावर पडद्याकडे काही उत्तर नव्हतं आणि आमच्याकडेही नव्हतं. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली तेव्हा बसची वेळ बदलली आणि पाऊण तास उरलाच नाही, त्यामुळे वर्ग तिथेच थांबला.

दुसऱ्या वर्षी गणिताच्या सरांची बदली झाली. अशा ठिकाणी सगळं कोलमडतं, आणि इथेही निम्मं कोलमडलं. आठवड्यातले तीन दिवस गेले. ताईंचे दिवस चालू राहिले, कारण गावाने दुसऱ्या वर्षाचं मानधन वर्गणीतून दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणी सगळ्यात आधी घ्यायला हवी होती, पॅनल स्वीकारण्याच्याही आधी. मुलं कुठे अडली आहेत हे माहीत असतं तर शाळेने कंपनीकडे दुसरं काही मागितलं असतं. देणाऱ्याला ‘हे नको, ते द्या’ म्हणण्याची ताकद अशा शाळांत क्वचित असते. ती यायला हातात पुरावा लागतो.

वेच्याच्या महिन्यांचा विचार वेळापत्रक करतानाच व्हायला हवा. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडते. म्हणजे जुलै ते सप्टेंबर हे तीनच महिने असे आहेत, जेव्हा जवळजवळ सगळी मुलं शाळेत असतात. मूलभूत गणिताचा सगळा जोर त्या तीन महिन्यांत रोज लावला पाहिजे, वर्षभर पातळ पसरून उपयोग नाही. नंतर जानेवारीच्या उत्तरार्धात, मुली परतल्यावर, दुसरी फेरी.

एका सरांवर इतकं अवलंबून राहणं टाळता आलं असतं. दुसऱ्या वर्षी मॅडमनी ते केलं. आता शाळेचा चार्ज देताना यादीत पेनड्राइव्ह, कोणत्या धड्याला कोणतं सिम्युलेशन याची वही, ठरावांच्या प्रती आणि चावी कुणाकडे आहे याची नोंदही असते. हे पहिल्या दिवसापासून असतं तर नव्या गणित शिक्षिकेला तीन महिने चाचपडावं लागलं नसतं.

तांड्यावरच्या आणि पोडावरच्या मुलांच्या बोलीचा मुद्दा कुणीच पुरेसा धरला नाही. दहावीतली गोरमाटी आणि कोलामी बोलणारी मुलं सकाळच्या वर्गात लहानांना समजावू शकली असती. त्यासाठी खर्चही नव्हता.

पॅनलचा निर्णय अजून झालेला नाही. समितीचं म्हणणं, ज्या शाळेला दिवसभर नीट लाईन आहे आणि विज्ञान शिक्षक आहे तिला ते द्यावं. त्यासाठी जडसंग्रहातून ते दुसऱ्या शाळेच्या नावावर चढवण्याची मंजुरी लागते. प्रस्ताव वरच्या कार्यालयात गेला आहे, आणि दोन खांबांचं काम आता सुरू झालं आहे. लाईन आधी नीट झाली तर प्रस्ताव मागे घ्यायचा की नाही, यावर पुढच्या बैठकीत मतदान आहे.